दारांच्या डॉक्टरीणबाई

कुणी मधूनच गोष्ट सांगायला लागलं, की मॅडम उजव्या हाताचं बोट वर करायच्या. "थांबा. आधी काय झालं?" भाजीवालीनं भाव वाढल्याचं सांगितलं तरी हेच, गल्लीतलं भांडण सांगितलं तरी हेच. मी पतसंस्थेत हिशेब तपासतो, मला ही सवय पसंत होती. माझ्या बायकोला मात्र त्यांच्याशी गप्पा म्हणजे कोर्टात साक्ष वाटे.

दौंडला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. वडील रेल्वेत होते. मॅडम शिकायला बाहेर पडल्या, परदेशात आणि मग बंगळुरात संशोधन केलं आणि निवृत्त झाल्यावर त्याच घरात एकट्या येऊन राहिल्या. पाटीवर नावाआधी 'डॉ.' होतं, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात आमची आई गुडघे दाखवायला गेली.

"मी औषधाची डॉक्टर न्हाई, मावशी. दारांची हाय." आमच्या आईशी बोलताना त्यांची बोली लहानपणीची होई.

आई घरी येऊन म्हणाली, "एवढी शिकली आन् सुतारकाम करती व्हय?"

भिंतीपलीकडून हे ऐकून मॅडम पोट धरून हसल्या आणि आईसमोर येऊन बसून समजावू लागल्या. हृदयाच्या, मेंदूच्या एकेका पेशीला बारीक दारं असतात. त्यांतून क्षाराचे कण आत-बाहेर करतात, म्हणून ठोका पडतो, म्हणून विचार येतो. "तुम्ही उसाला दारं धरता ना, तसंच. एका सरीचं बंद, मग दुसरीचं उघडायचं." केसाहून बारीक काचेचं टोक पेशीला लावून मॅडम अशा दारातून जाणारी वीज मोजत. उभी नोकरी त्यांनी असल्या एकाच दारावर काढली होती.

"एकाच?" मी विचारलं.

"एकच. तेही पुरतं कळलं न्हाई," त्या म्हणाल्या. सांगताना जराही कमीपणा नव्हता.

आमच्या प्रणालीला, म्हणजे माझ्या मुलीला, त्या काळात फिट येत असे. शाळेत होती तेव्हापासून. फिटच्या गोळ्या चालू होत्या, तरी अधूनमधून ती धाडकन पडे. आईचा उपाय ठरलेला होता. कांदा फोडून नाकाशी धरायचा. पोरगी दर वेळी उठे, त्यामुळे आमचा सगळ्यांचा कांद्यावर विश्वास बसला होता.

एका सकाळी मोबाइलचा गजर वाजला आणि प्रणाली अंथरुणातून उठता उठता कोसळली. आरडाओरडा ऐकून मॅडम आल्या. तोवर ती शुद्धीवर आली होती. आई कांदा दाखवत सांगू लागली, तेवढ्यात बोट वर झालं.

"आधी काय झालं? गजर आधी, का पडणं आधी?"

"गजर," बायको म्हणाली.

"मागच्या वेळी?"

"दिवाळीत. दारात बॉम्ब फुटला तवा."

"उठल्यावर गुंगीत असती का?"

"न्हाई. लगेच बोलती. पन पांढरीफटक पडती."

मॅडम खाली बसल्या. "रोगाचं नाव घ्यायचा मला अधिकार न्हाई," त्या हळू म्हणाल्या. "पन आजच्या आज हिच्या हृदयाचा ईसीजी काढा. मेंदूचं न्हवं, हृदयाचं असंल."

"अवो, कांदा हुंगवला की उठती ती," आई म्हणाली.

"मावशी, ती कांद्याशिवायबी उठली असती. पन एखाद्या वेळी उठणार न्हाई."

मिळाली त्या पहिल्या डेमू गाडीनं आम्ही पुण्याला गेलो. मॅडम सोबत आल्या. दवाखान्यात त्या नातेवाइकासारख्या कोपऱ्यात बसून राहिल्या. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी दोनदा मोजली आणि सांगितलं, हृदयाला पुढच्या ठोक्याआधी विसावायला जास्त वेळ लागतोय, अचानक आवाजानं ठोकाच बिघडू शकतो. फिट नव्हतीच. त्यांनी गोळ्या बदलल्या, आई-बापाचाही ईसीजी करायला सांगितला. माझ्या पट्टीत तेच निघालं.

"म्हणजे मीच दिलं तिला," मी म्हणालो.

"दिलं म्हणू नका," मॅडम म्हणाल्या. "तुम्हांलाबी कुणाकडून तरी आलंच की."

मग त्यांनी प्रणालीची पट्टी मागून घेतली. बराच वेळ त्या रेघेवरून बोट फिरवत होत्या. "हेच दार," त्या म्हणाल्या. "ठोक्यानंतर हृदयाला विसावू देणारं. जन्मभर काचेच्या टोकानं तपासलं. त्याच्या आत राहणारं माणूस आज भेटलं." आणि पोरीच्या केसांवर हात ठेवला.

पुढं गुडघे थकले तशा मॅडम बंगळुरला भाचीकडे गेल्या आणि तिथंच वारल्या. मला आठवतो तो त्यांचा निघण्याचा दिवस. दौंड स्टेशनावर आम्ही सगळे सोडायला गेलो होतो. शेजारच्या रुळावरून इंजिन येताना दिसलं तशी त्यांनी हातातली पिशवी खाली टाकली आणि दोन्ही तळवे प्रणालीच्या कानांवर दाबले.

"आजी, गोळी घेतलीय मी. आता न्हाई भीती वाटत."

"तुला न्हाई. मला वाटती."

भोंगा वाजून गेला. गाडी सुटायला आली, मी पिशवी उचलून आत दिली. डबा हलला तरी त्या बसल्या नाहीत. दारात उभ्या राहून स्वतःच्या कानांवर हात ठेवून त्या पोरीला खुणावत राहिल्या, झाक, झाक. वळण येईपर्यंत त्यांचे दोन्ही कोपर दिसत होते.