घोंगड्यातला बर्फ

मुंजाबा माझ्या दुकानात बर्फ टाकायचा आणि मी त्याला रोज शिव्या घालायचो. गुलमंडीवर माझं सरबताचं दुकान. उन्हाळ्यात गिऱ्हाईक बर्फासाठीच येतं, सरबत हा नुसता बहाणा. स्टेशनाकडच्या कारखान्यातून निघालेली लादी माझ्या दारात येईपर्यंत कडा झिजलेली, पोट खपाटीला गेलेली असायची. बाकीचे हातगाडीवाले लादीवर जुनी घोंगडी टाकायचे, त्यांचा माल धडधाकट पोचायचा. आणि हा जातीचा धनगर, ज्याच्या घरात घोंगड्यांना तोटा नाही, तो मात्र गोणपाटाशिवाय कशाला हात लावायचा नाही.

एकदा मी चिडून बिडकीनच्या बाजारातून एक जुनं घोंगडं आणलं आणि त्याच्या गाडीवर फेकलं. त्यानं ते झटकलं, नीट घडी घातली आणि माझ्या गल्ल्याशेजारी ठेवून दिलं. म्हणाला, हे नको शेठ, तुम्ही माझा माल घेऊ नका वाटलं तर. मी म्हणालो, धनगराला घोंगड्याचं वावडं झालेलं मी पहिल्यांदाच बघतोय. तो गाडी ओढत निघून गेला. पुढं कितीतरी दिवसांनी, गिऱ्हाईक नसलेल्या एका दुपारी, त्यानं आपण होऊन सगळं सांगितलं. ऐकल्यावर मी त्याला पुन्हा कधी शिवी दिली नाही. झिजलेला बर्फ मुकाट घेत राहिलो.

निजामाची राजवट गेली, पोलीस ॲक्शन झाली, तेव्हा मुंजाबा मेंढरांमागं हिंडणारं पोरगं होता. गाव बिडकीनच्या अलीकडं. बाप गेल्यावर कळप थोरल्या भावाकडं, मल्हाररावाकडं गेला. कळप लहान, तोंडं जास्त, म्हणून मुंजाबा शहरात आला. स्टेशनाजवळ तात्यासाहेब नावाच्या एका गृहस्थानं तेव्हा नवा बर्फाचा कारखाना काढला होता. तिथं तो हमालीला लागला. पहिल्या दिवशी डब्यातून निघालेली लादी बघून तो मागं सरला होता. पाणी वाहतं, सांडतं, आटतं एवढं त्याला माहीत. ते दगडासारखं खांद्यावर घेता येतं हे त्याच्या बापजाद्यांनी पाहिलेलं नव्हतं.

तिथं फकिरा नावाचा मिस्त्री होता. वय झालेला, दम्यानं खोकणारा, पण शिकवायची हौस दांडगी. पंपात अमोनियाचा वायू दाबला की तो दबून, थंड होऊन पातळ होतो. मग त्याला नळ्यांत मोकळा सोडायचा. तो परत वायू व्हायला धावतो आणि जाताना आजूबाजूची सगळी ऊब ओढून नेतो. नळ्यांभोवती मिठाचं पाणी, त्यात साध्या पाण्याचे डबे बुडवलेले. ऊब गेली की त्या डब्यांतलं पाणी जागच्या जागी घट्ट. लादीवरून उठतो तो धूर नव्हे, हवेतलीच वाफ गारठून दिसायला लागते, हेही फकिरानंच सांगितलं. मुंजाबाला एवढं सगळं कळलं असं नाही, पण फकिराचं एक वाक्य त्याच्या डोक्यात बसलं. लादी घोंगड्यात गुंडाळायला तो घाबरला तेव्हा फकिरा म्हणाला होता, "कंबल गरमी देती नै रे. रोकती. तेरे अंदर की अंदर, बाहर की बाहर."

पुढं त्याचं लग्न झालं, राजाबाई घरात आली, मुलगी झाली. तिचं नाव ठकू. राजाबाई आणि ठकू गावाकडं असायच्या, मुंजाबा शहरात. ठकू बोलायला लागली होती, त्या साली चैत्रातच ऊन भाजायला लागलं. मल्हारराव आणि म्हातारी आई बानाबाई मेंढरं घेऊन लांब गेलेले. घरी राजाबाई एकटी, आणि ठकूला ताप भरला.

मुंजाबाला निरोप मिळाला, तो गावी पोचला. बिडकीनचे डॉक्टर येऊन बघून गेले होते. ताप डोक्यात चढतोय म्हणाले. या उन्हात पोरीला हलवू नका, डोक्यावर सारखा बर्फ ठेवा, उतरेपर्यंत सोडू नका. इंजेक्शन ते दुसऱ्या दिवशी देणार होते. बर्फ ठेवा म्हणायला काय जातं? त्या गावात बर्फ कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. पण ठकूचा बाप बर्फाच्या कारखान्यात होता. मला वाटतं, आपल्या नोकरीचं मुंजाबाला खरं मोल वाटलं ते त्या एका दिवशी.

तो सायकलीवरून शहरात आला, फकिराला सांगितलं, आणि तांबडं फुटायच्या आत अर्धी लादी घरच्या घोंगड्यात गुंडाळून, कॅरिअरला आवळून परत निघाला. पैठण रोड तेव्हा निम्मा धुळीचा. गावात पोचला तेव्हा ऊन वर आलं होतं, पण घोंगडं सोडून बघितलं तर लादी होती तशी. त्यानं तुकडा फोडला, फडक्यात बांधून पोरीच्या डोक्यावर धरला. थोड्या वेळानं ठकूनं डोळे उघडले. हे काय म्हणून विचारलं. त्यानं एक खडा तिच्या जिभेवर ठेवला तर ती हसली आणि अजून दे म्हणाली. राजाबाईनं देवाला हात जोडले.

मग तो डॉक्टरांना आणायला निघाला. निघताना राजाबाईला म्हणाला, लागेल तसा फोडून घे आणि बाकीचा झाकून ठेव. एवढंच म्हणाला. घोंगड्यातच ठेव असं म्हणाला नाही, का ठेवायचा तेही सांगितलं नाही. बिडकीनला डॉक्टर नव्हते, दुसऱ्या गावी गेले होते. हा त्यांच्या मागं तिकडं गेला.

राजाबाई धनगराची लेक. कडाक्याच्या थंडीत जन्मलेलं कोकरू घोंगड्यात गुंडाळून तिनं कितीदा जगवलं होतं. घोंगडं म्हणजे ऊब, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. नवरा घाईत निघून गेला आणि ती त्या गुंडाळलेल्या बर्फाकडं बघत बसली. तिचा जीव राहीना. आपल्या पोरीचं औषध उबेत पडलंय, वितळून जाईल, असं तिला वाटलं. तिनं घोंगडं सोडलं. घरात सगळ्यांत गार जागा म्हणजे रांजण. रांजणातलं गार पाणी तिनं परातीत ओतलं, लादी त्यात ठेवली, वर ओलं फडकं झाकलं. एका हातानं पोरीच्या डोक्यावर तुकडा धरायची आणि दुसऱ्या हातानं सुपानं परातीला वारा घालायची. बाहेरची तापली हवा ती आपल्या हातानं बर्फावर ढकलत होती. बर्फ वाचवायचं तिला जेवढं म्हणून सुचलं तेवढं तिनं केलं, आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीनं बर्फ लवकर गेला.

भर दुपारी परातीत नुसतं पाणी उरलं. तिन्हीसांजेला मुंजाबा डॉक्टरांना घेऊन आला तेव्हा ठकूचं अंग लाह्या फुटतील असं तापलं होतं. दिवा लावायच्या वेळी ती गेली.

डॉक्टर निघताना मुंजाबानं त्यांना कडेला गाठून विचारलं, बर्फ असता तर? डॉक्टर म्हणाले, असता तर रात्र निघाली असती, पुढचं काय सांगावं. या डॉक्टर लोकांना कधी गप्प बसावं हे कळत नाही. पण विचारलं मुंजाबानंच, त्यांना तरी काय बोल लावणार?

पोरीला माती दिल्यावर दुसऱ्या दिवशी राजाबाई भिंतीला टेकून बसली होती. समोर ते घोंगडं पडलेलं. ती म्हणाली, "घोंगड्यातच ठिवला असता, तर राह्यला असता का वो?"

मुंजाबा म्हणाला, "नाय. घोंगडं गरम. त्यात तर आदीच पाणी झालं असतं."

तिनं मान हलवली आणि तिला त्या दिवशी पहिल्यांदा रडू आलं. मला हे सांगताना तो म्हणाला, शेठ, खरं सांगितलं असतं तर ती विहीर जवळ करती.

खोटं एकदा बोलून भागत नाही, त्याला रोज दाणापाणी घालावं लागतं. मुंजाबानं राजाबाईला शहरात आणलं, मुकुंदवाडीला पत्र्याच्या खोलीत संसार मांडला. पुढं मूल झालं नाही. ती बांधकामावर मजुरीला शहरभर जायची. कुठल्या वळणावर तिची आणि हातगाडीची गाठ पडेल याचा नेम नव्हता, म्हणून त्यानं लादीवर घोंगडं कधी टाकलं नाही. दुसऱ्यांच्या गाड्यांवर घोंगडी दिसायची तर तिनं विचारलंच. त्यानं सांगितलं, ते धुळीसाठी टाकतात. दर चैत्रात ती ठकूच्या बर्फाचा तोच प्रश्न विचारायची आणि तो तेच उत्तर द्यायचा. तात्यासाहेब त्याच्यावर ओरडायचे, गिऱ्हाइकं तुटायची, त्याच्या मागून लागलेला बन्सी म्हणून एक भाऊबंद होता, तो मुकादम झाला, हा हातगाडीच ओढत राहिला. ज्या बर्फानं ऐन वेळी दगा दिला त्याचंच ओझं हा माणूस आयुष्यभर वाहत होता. असल्या माणसाला देवानं काय दिलं, हे मला कुणीतरी सांगावं. देवळात जाणाऱ्या कैक शहाण्यांना मी विचारलंय.

मुंजाबाची आई बानाबाई गेली ती वैशाखात. तोवर आम्ही सगळेच पिकलो होतो, फकिरा कधीच गेला होता, आणि माझ्याकडं टेम्पो आला होता. थोरला लेक मल्हारराव मेंढरं घेऊन अजिंठ्याच्या डोंगराकडं होता. त्यांच्यात आईच्या तोंडात शेवटचं पाणी थोरल्यानंच घालायचं, त्याच्याआधी माती द्यायची नाही. निरोप धाडला, पण त्याला पोचायला दुसरा दिवस उजाडणार होता. मुंजाबा माझ्याकडं आला आणि म्हणाला, शेठ, बर्फ न्यायचाय. मी, तो, राजाबाई, बन्सी आणि बन्सीची बायको, लाद्या टाकून निघालो. लाकडाचा भुसा रस्त्यात वाऱ्यानं उडाला, राहिली ती गोणपाटं.

एक लादी म्हातारीखाली दिली, दोन ओसरीवर राखून ठेवल्या. मुंजाबा माती द्यायची जागा बघायला मळ्याकडं गेला. कुत्री ओसरीवर यायला लागली तशी बन्सीनं आतून एक घोंगडं आणलं आणि कडेच्या लादीवर चारी बाजूंनी गुंडाळून टाकलं. दुसरीवर गोणपाटच राहिलं. मी बन्सीला म्हणालो, ते घोंगडं काढ. तो म्हणाला, का? मी दाराकडं बघितलं. राजाबाई दारातच बसलेली.

मुंजाबा परत आला आणि ओसरीखाली उभा राहिला. घोंगड्याकडं बघितलं, मग राजाबाईकडं, मग आत आईकडं. मला वाटलं, हा आता पुढं होऊन ते घोंगडं ओढणार. ओढलं असतं तर खोटं राहिलं असतं झाकलेलं, पण बर्फ गेला असता आणि आई थोरल्याला तोंड दाखवायला राहिली नसती.  तो पायऱ्या चढून आत गेला आणि आईच्या उशाशी बसला.

ऊन कलल्यावर म्हातारीखालची लादी संपत आली. बन्सीनं ओसरीवरचं गोणपाट उचललं तर तिथं पायपुसण्याएवढा तुकडा आणि चिखल. त्याची बायको म्हणाली, दुसरीही गेली असणार. घोंगडं सोडायला राजाबाईच उठली, घरची सून म्हणून. तिनं एक पदर दूर केला, मग दुसरा. आत लादी होती. कोपरे धारदार, कारखान्याच्या डब्याचा ठसासुद्धा तसाच.

तिनं लादीवर तळवा ठेवला. कुणीतरी म्हणालं, बरं झालं, राहिला बर्फ. ती हात काढीना. मुंजाबा आतून येऊन उंबऱ्यात थांबला होता. तिनं त्याच्याकडं न बघताच विचारलं, "तुमाला ठावं व्हतं?"

तो म्हणाला, "व्हय."

"तवापास्नं?"

"व्हय."

ती रडली नाही. मी तिच्याकडं बघू शकलो नाही, एवढं मला सांगता येतं. हात बधिर होऊन निळा पडला तसा बन्सीच्या बायकोनं तो धरून उचलला आणि तिला आत नेलं. मुंजाबानं लादीचा अर्धा भाग फोडून आईखाली दिला. मग उरलेल्या अर्ध्यावर ते घोंगडं अंथरलं, चारी कोपरे नीट आत खोचले, फट राहिली नाही ना ते हातानं चाचपून बघितलं. मल्हारराव अजून वाटेत होता.