एका पंख्यासाठी नागपूर

कराडहून गाडी सुटली तेव्हा माझ्यासोबत कपड्यांची एक पिशवी आणि पत्र्याची एक चपटी पेटी होती. पेटीत पुठ्ठ्यातून कापलेले अकरा फर्मे (आकार तपासण्याचे साचे) क्रमाने लावून ठेवले होते. क्रम बिघडला नाही ना, हे पाहण्यासाठी मी मनमाडपर्यंत ती दोनदा उघडली. समोरच्या बाकावर वर्ध्याला उतरणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना अखेर राहवले नाही.

"ब्लाउजचं कटिंग हाये का बाई?"

"नाही. विमानाच्या पंख्याचं आहे."

"मग अस्तर नसंल लागत," त्या शांतपणे म्हणाल्या आणि शेंगदाण्यांची पुडी माझ्यापुढे केली.

विमान माझा मामेभाऊ प्रभाकर याचे. त्याची सारी नोकरी खापरखेड्याला वीजकेंद्रात टर्बाइनच्या देखभालीत गेली. निवृत्त झाल्यावर त्याने ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि कापड वापरून दोन आसनांचे हलके विमान बांधायला घेतले. सहा वर्षांनी सांगाडा उभा राहिला, इंजिन बसले, चाचणी-उड्डाणाच्या परवानगीचा कागदही आला. पुढचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, तेवढा राहिला होता. त्याच्या पात्यांचा आकार कसा असावा, यावरून प्रभाकर आणि त्याची मुलगी मुग्धा यांचे दोन महिने बोलणे खुंटले होते. मुग्धा प्रशिक्षित वैमानिक आहे आणि पहिले उड्डाण तीच करणार होती. मी आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवले, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. फोनवर प्रभाकर म्हणाला होता, "ताई, तू सांगशील ते आम्ही दोघंही ऐकू." असे आश्वासन देणाऱ्याला बहुधा आपलेच म्हणणे मान्य होईल अशी खात्री असते, हे मला वर्गातल्या अनुभवाने ठाऊक होते.

नागपूरला उतरले तेव्हा मार्चअखेरचे ऊन चांगलेच तापले होते. प्रभाकर घ्यायला आला होता. घरी न नेता त्याने गाडी सरळ मौद्याच्या रस्त्याला लावली. कळमन्याच्या बाजारापाशी संत्र्यांच्या ट्रकमागे आम्ही बराच वेळ अडकलो. त्या वासात आणि हॉर्नच्या गोंगाटात प्रभाकरने खिशातून एक कागद काढून माझ्या हाती दिला. त्यावर कोयत्यासारखे मागे वळलेले, अतिशय देखणे पाते काढलेले होते.

"पाह्य ना. काही बोलू नको. फक्त पाह्य."

मी फक्त पाहिले.

मौद्याच्या अलीकडे एका राइस मिलच्या मागे त्याने भाड्याने घेतलेली जमीन आहे. भाताचे बांध मोडून केलेली ती मुरमाची पट्टी पाहताच मला आकारापेक्षा अंतराची काळजी वाटू लागली. पट्टी आखूड होती आणि तिच्या टोकाला बाभळींची दाट रांग उभी होती. बाभळी शेजाऱ्याच्या होत्या आणि त्या तोडायला तो तयार नव्हता. दूरवर मौद्याच्या वीजकेंद्राच्या धुराड्यांतून धूर निघत होता. वारा कुठला, हे मुग्धा त्या धुरावरून ठरवते.

मुग्धा शेडमध्ये चाकाशी बसली होती. उठून पाया पडली आणि लगेच म्हणाली, "आत्या, तुला फक्त एवढंच सांगते. मला त्या झाडांवरून जायचंय. झाडांत नाही."

येथे वाचकांना पात्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. खांबाला दोर बांधून मुलांनी तो ताणून धरून रांगेने खांबाभोवती फिरायचे ठरवले, तर खांबाजवळचे मूल चालते आणि टोकाचे मूल धावते. पात्याचेही तसेच. मुळाशी त्याचा वेग कमी, टोकाला फार जास्त. म्हणून पात्याला मुळापासून टोकापर्यंत पीळ द्यावा लागतो. मुळाशी ते हवेला अधिक तिरके, टोकाशी जवळजवळ सपाट असते. याखेरीज रुंदी आणि बाह्याकार आपल्या निवडीचे. टोकाकडे निमुळते पाते जलद उड्डाणात कमी ताकद खाते. टोकापर्यंत रुंद पाते कमी वेगात, म्हणजे जमीन सोडताना, चांगले ओढते. मात्र वर गेल्यावर ते वेग वाढू देत नाही. कोयत्यासारखे पाते भार आला की आपोआप थोडे पिळते आणि स्वतःचा कोन बदलते. हा त्याचा गुण आहे आणि हीच माझी अडचणही होती.

संध्याकाळी शेडमध्ये खाटेवर कागद पसरून मी दोघांना समोर बसवले. पट्टीची आणि इंजिनाची मापे फोनवर घेऊन फर्मे मी घरीच कापले होते, आता निवाडा तेवढा सांगायचा होता.

"प्रभाकर, हे वळलेले पाते भाराखाली किती पिळेल, हे लाकडावर अवलंबून आहे. तुझ्या लाकडाचे ते माप माझ्याजवळ नाही आणि मला काढता येत नाही. जे मोजता आले नाही, ते पहिल्या उड्डाणाला लावू नये."

"जगात लावतात ना लोक."

"लावतात. त्यांनी दहा पंखे तोडून पाहिलेले असतात. तुझ्याजवळ ठोकळे किती?"

ठोकळा एकच होता. हळदूच्या (पिवळसर, सरळ रेषांच्या घट्ट लाकडाच्या) फळ्या एकावर एक चिकटवून केलेला तो ठोकळा वर्षभर सुकवलेला होता. तो बिघडला तर पुन्हा वर्षभर थांबणे आले, आणि परवानगीची मुदत तोवर टिकणार नव्हती.

"उन्हाळ्यात इथली हवा तापून विरळ होते," मी पुढे म्हणाले. "पंखा कमी ओढतो, इंजिनही कमी जोर देते. पट्टी आखूड आणि पुढे झाडे. म्हणून सरळ, टोकापर्यंत रुंद, गोलसर टोकाचे पाते. पीळही थोडा कमी. वर गेल्यावर तुझे विमान हळू जाईल."

"किती हळू?"

"तुला आवडणार नाही इतके."

मुग्धाने हसू लपवण्यासाठी पाण्याचा तांब्या उचलला. प्रभाकरने आपला देखणा कागद घडी करून खिशात ठेवला. "तू तर माझा पेपरच तपासून राहिली ताई," तो म्हणाला. "लाल शाई तेवढी बाकी हाये."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे उमरेडला गेलो. पंखा कोरणारे दशरथभाऊ विणकर घराण्यातले. वडील मागावर बसत. दशरथभाऊंनी उमेदीत हातमागाचे धोटे (आडवा धागा वाहून नेणारी होडीच्या आकाराची लाकडी वस्तू) घडवले, आणि माग थांबले तसे फर्निचरकडे वळले. हळदू निवडले त्यांनीच, कारण धोट्यात बसणाऱ्या, सूत गुंडाळायच्या कांड्यांसाठी तेच लाकूड त्यांच्या हाताला सवयीचे होते. मी फर्मे क्रमाने मांडले, प्रत्येकावरची रेघ समजावली आणि पंखा कोणत्या दिशेने फिरणार, तो बाण दाखवला. वैमानिकाच्या आसनावरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, असे बाणाखाली माझ्याच अक्षरात लिहिलेले होते.

त्यांनी सगळे नीट ऐकले. मग ठोकळा बाजूला सारला आणि सावरीच्या मऊ लाकडाचा वीतभर तुकडा घेतला.

"हे काहून?" प्रभाकरने विचारले. "आपल्याले मोठा पाहिजे ना भाऊ."

"मोठा होईन गा. आधी वीतभर." दशरथभाऊ पटाशीला धार लावू लागले. "आमच्या घरी नवा काठ लावला का वीतभर विणून थांबत. काही काठांत सुलटी बाजू मागावर खालून राह्यते. विणणाऱ्याले उलटीच दिसते. बाप खालून आरसा धरे. नक्षी बरोबर आली तर पुढं, नाही तर तेवढं उसवा."

"म्हणजे आता अर्धा दिवस गेला."

"तुमचे सहा वर्षं गेले, मले अर्धा दिवस नाही का देत?"

दुपारी त्यांच्या घरी जेवलो. सांबारवडीतला सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मला तिथे कळले. रस्सा इतका तिखट होता की मी तीन पेले ताक प्यायले. दशरथभाऊंच्या पत्नी माझ्याकडे पाहून प्रभाकरला म्हणाल्या, "भाऊ, बाईले आधी सांगाचं ना. कराडच्या जिभेले सवय नसंल." कराडलाही मिरची पिकते, असे सांगण्याइतकी ताकद माझ्यात उरली नव्हती.

जेवणानंतर वीतभर पंखा तयार झाला. दशरथभाऊंनी त्याच्या मध्यात खिळा घातला, काडीवर बसवला आणि टेबलफॅन सुरू केला. समोरून वारा आला की पंखा इंजिनाशिवायही ज्या दिशेने त्याने फिरायला हवे त्याच दिशेने फिरतो. तो गरगर फिरू लागला. दशरथभाऊ त्याच्या मागे, वैमानिकाच्या जागी, उभे होते. त्यांनी फॅन बंद केला, फर्म्यावरचा बाण पाहिला, पुन्हा फॅन लावला.

"बाई, इकडे या. मागून पाहा."

मी मागून पाहिले. पंखा काट्यांच्या उलट फिरत होता.

चूक त्यांच्या हाताची नव्हती. फर्म्यांशी ताडून पाहिले, तर प्रत्येक कोन अचूक उतरला होता. चूक माझी होती. वर्गासमोर उभे राहून "उजवा हात वर करा" म्हणताना मी नेहमी स्वतःचा डावा हात वर करत आले, कारण समोरच्या मुलांना तोच आरशातल्यासारखा उजवा दिसतो. फर्मे काढतानाही मी नकळत विमानाच्या समोर, त्याच्याकडे तोंड करून उभी राहिले होते, आणि बाणाखाली मात्र 'आसनावरून पाहता' असे लिहिले होते. तसा पंखा त्या इंजिनावर बसला असता, तर विमान पुढे ओढले जाण्याऐवजी मागे ढकलले गेले असते. ते धावपट्टीवर कळले असते आणि ठोकळा संपलेला असता.

मी हे तिघांना त्याच क्रमाने सांगितले.

"मले पेपर दे," प्रभाकर म्हणाला. "लाल शाई आता मी लावतो."

"लाव," मी म्हणाले. तो अधिकार त्याचा होता.

दुरुस्ती सोपी होती. सगळे फर्मे उलटे करून नव्या बाजूवर रेघा आणि बाण काढायचे. मी ते आसनावर बसल्याप्रमाणे, स्टुलावर पाठमोरी बसून केले. मग सावरीचा दुसरा वीतभर पंखा झाला, तो मागून पाहता काट्यांप्रमाणे फिरला, आणि त्यानंतरच पटाशी हळदूला लागली.

पुढचे सहा दिवस मी उमरेडला रोज गेले. दशरथभाऊ पात्याचा गुळगुळीतपणा बोटाने तपासत नसत. रेशमाचा एक कच्चा धागा पात्यावरून ओढत. धागा जिथे अडखळे तिथे पॉलिशपेपर. तोल पाहण्यासाठी पंखा मधल्या आसावर आडवा टांगला, तेव्हा वाऱ्याने हलू नये म्हणून दारे-खिडक्या आणि छतावरचा पंखाही बंद केला. त्या बंद खोलीत घाम पुसत आम्ही चौघे एका लाकडाकडे पाहत बसलो. एक पाते अगदी सावकाश खाली गेले. वार्निशचा एक जादा हात दुसऱ्या पात्यावर दिला, तो सुकल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा टांगले, आणि ते स्थिर राहिले.

चाचणीच्या दिवशी मी पट्टीवर शाळेच्या मैदानासारख्या चुन्याच्या रेघा मारल्या, पन्नास-पन्नास पावलांवर. पाचव्या रेघेपर्यंत चाके उचलली गेली नाहीत, तर इंजिन बंद करायचे, असे मुग्धाने स्वतः ठरवले. प्रभाकरने नारळ फोडला. इंजिन थोडा वेळ चालवून थांबवले, कारण लाकडी पंखा पहिल्या धावेत बोल्टांखाली किंचित दबतो आणि बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. त्यात तीन तास गेले. ऊन चढले.

मुग्धा निघाली. पहिली रेघ, दुसरी, तिसरी. शेपूट वर आले. चौथी रेघ गेली आणि चाके मुरमावरच होती. पाचवीवर इंजिनाचा आवाज खाली आला आणि विमान बाभळींच्या बरेच अलीकडे थांबले.

प्रभाकर माझ्याकडे पाहत नव्हता. "पातं कमी पडलं," तो म्हणाला.

माझे गणित सकाळच्या हवेचे होते, पण एकदा चुकलेल्या माणसाने स्वतःच्या गणिताची बाजू कितपत घ्यावी?

मुग्धा विमान वळवून घेऊन आली. "पातं नाही बाबा, हवा कमी पडली. हे आपण सहाला करणार होतो. आता साडेनऊ झालेत."

"आणखी एकदा करून पाह्य ना."

"नाही. उद्या."

दुसऱ्या दिवशी सहा वाजता धुराड्यांचा धूर सरळ वर जात होता. मुग्धाने हात केला आणि निघाली. तिसरी रेघ ओलांडल्यावर चाकांखाली धूळ उडायची थांबली. चौथ्या रेघेवर चाकांखालून मला पलीकडचा बांध दिसला. विमान बाभळींवरून गेले, दोन माणसांच्या उंचीइतके मोकळे अंतर ठेवून. प्रभाकर खाली मुरमात बसला आणि बूट काढून त्यातले खडे झटकू लागला. बुटात खडे नव्हते.

परतीच्या गाडीत पेटी माझ्याजवळ नव्हती. फर्मे दशरथभाऊंनी ठेवून घेतले. माझ्यापुरते मी प्रवासाचे एवढे टिपून ठेवले, की निवड म्हणजे एक गुण पदरात पाडून दुसरा सोडून देणे. आणि सोडलेल्या गुणाचे दुःख ज्याचे आहे, त्याला ते करू द्यावे. प्रभाकरला मी ते दुःख दोन महिने करू दिले. मग एका रविवारी त्याचा फोन आला. त्या दिवशी तो पहिल्यांदा शेजारच्या आसनावर बसून गेला होता.

"ताई, समोरून वारा होता," त्याने सुरुवात केली. "भंडारा रोडवर खाली एसटी होती. आम्ही तिच्या वर. अन् ती पुढं निघून गेली."

"मग?"

"मग काय. तिच्या मागं मागं गेलो." पुढे म्हणाला, "ताई, बाभळींले फुलं आली हायेत. वरून पिवळी जर्द दिसून राहिली होती."