काट्यावरचे बैल आणि उघड्या फाईली

आम्ही जुने सहकारी भेटलो की चहा गार होतो, पण किस्से संपत नाहीत. एकानं सुरुवात केली की दुसरा म्हणतो, "थांब, त्याच्या आधीचं सांग!" नव्वदच्या दशकात कर्जतकडच्या एका साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर सेक्शनला होतो आम्ही. खोली एक, मशीन युनिक्सचं, भाषा सी. आणि रुबाब? विचारूच नका!

*

पहिल्याच आठवड्यात मी आमच्या सेक्शनप्रमुख ढवळे साहेबांना विचारलं, "साहेब, प्रोग्रॅममध्ये पहिलीच फाईल उघडली, तर सिस्टीमनं तिला नंबर तीन का दिला?"

"शून्य, एक, दोन हे पाट आधीच मांडलेले असत्यात. एक ऐकणाऱ्याचा म्हंजी कीबोर्डचा, एक बोलणाऱ्याचा म्हंजी स्क्रीनचा, एक चुकांची तक्रार करणाऱ्याचा."

"तक्रारीला वेगळा पाट?"

"कारखान्यात नवीन हायस. कळंल!"

*

एकदा प्रोग्रॅम मध्येच कोलमडला आणि उसाच्या गाड्यांची नुकतीच लिहिलेली वजनं गायब! "फाईलमध्ये लिहिली होती हो साहेब," मी काकुळतीला आलो.

ढवळे साहेब अकोले तालुक्यातले. हसून म्हणाले, "लिहिलं म्हंजी डिस्कवर पोचलं व्हय रे? ही आमच्या भंडारदऱ्याची जीप हाय. शिटा भरल्याबिगर हालत न्हाई! प्रोग्रॅमात 'एफफ्लश' म्हन, मग हायेत तेवढ्या घेऊन निघंल."

तेव्हापासून एफफ्लशला आम्ही 'जीप सोडणे' म्हणायचो. बाहेरच्यांना वाटायचं, हे ट्रान्सपोर्टचं खातंय.

*

खर्ड्याची सुनंदा गायकवाड आमच्यात प्रोग्रॅमर म्हणून आली. तिच्या वस्तीतली पहिली कॉम्प्युटरवाली. एका डायरेक्टरनं तिच्यादेखत विचारलं, "पोरगी खेड्यातली दिसते. जमतं का हिला?"

ढवळे साहेब शांतपणे म्हणाले, "आम्हाला जमत नाही ते आम्ही हिच्याकडं देतो."

*

आता खरा किस्सा. ऐन गळिताच्या हंगामात वजनकाट्याचा आमचा प्रोग्रॅम रोज सकाळी मध्येच बंद पडायला लागला. उसाच्या बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर! चेअरमन खवळले. "सोमवारी नीट चाललं तर ठीक, न्हाईतर पुन्याची कंपनी आनतो आन् तुमच्या खोलीला कुलूप!" त्या कंपनीचा इंजिनिअर पाहणीला येऊन गेलासुद्धा. त्यानं ऑफिसात बसून तासभर प्रोग्रॅम चालवला, एकदाही अडकला नाही. "नवीन मशीन घ्या," म्हणाला.

सुनंदा मात्र सकाळी थेट काट्यावर जाऊन उभी राहिली. प्रत्येक गाडीला प्रोग्रॅम एक फाईल उघडायचा आणि वजन लिहून बंद करायचा. पण काट्यावर बैल हलले की काटेवाला एस्केपचं बटण दाबून पुन्हा वजन घ्यायचा, आणि आधीची फाईल उघडीच राहायची! अशा फाईली साठत गेल्या, एका वेळी उघड्या ठेवायच्या फाईलींची मर्यादा संपली की प्रोग्रॅम ठप्प. आता ऑफिसात बैल कुठून येणार?

एस्केप दाबलं की आधीची फाईल बंद होईल, अशी एक ओळ तिनं प्रोग्रॅममध्ये घातली. सोमवारी काटा एकदाही थांबला नाही. काय सांगू, ऊर भरून आला आमचा! चेअरमननी गाडीवाल्यांच्या रांगेपुढं उभं राहून जाहीर केलं, "पुन्याची कंपनी कॅन्सल! हालनाऱ्या बैलांचा बंदोबस्त आमच्या सुनंदाबाईंनी केलाय!"

दुसऱ्या दिवशी आम्ही आत कामाला बसलो, तोच दार वाजलं. सुनंदानं उघडलं. बाहेर एक शेतकरी, हातात कासरा, मागं बैल.

"बाई," तो म्हणाला, "ह्यो बी लई हालतोय. जरा बगता का?"