ब्रेकला घातलेलं तेल

पन्नाशीला आलेल्या माणसाने जाड टायरची, गिअरवाली सायकल घेतली की घरचे आधी हसतात, मग गप्प बसतात. माझ्या बायकोने दोन्ही केलं. मी ऐकणाऱ्यांतला नाही. एक माझ्यासाठी घेतली, एक दहावी झालेल्या मुलीसाठी, आणि जाहीर केलं की दर रविवारी बापलेक नॅशनल पार्कात जाणार, कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत चढणार. व्यायाम वगैरे ठीक आहे, खरं कारण वेगळं होतं. आठवडाभर कानात हेडफोन घालून फिरणारी ही पोरगी त्या दोन तासांत माझ्याशी बोलायची. ते गेलं असतं तर माझ्या हातात काही उरलं नसतं.

चढावर ती पुढे, मी मागे. मागे म्हणजे इतका मागे की माकडंसुद्धा मला बघून कंटाळायची. फासफूस करत वर पोहोचलो की ती लिंबूपाणी संपवून बसलेली असायची. मग मी दम लागला नाही असं दाखवायला झाडांची नावं सांगायचो. त्यातली निम्मी मीच ठेवलेली असायची.

एका शनिवारी संध्याकाळी दोन्ही सायकलींचे ब्रेक कर्रकर्र वाजत होते. आमचे वडील गिरणीत फिटर होते. घरात काहीही कुरकुरलं, दार असो, पंखा असो, ते तेलाची बुधली काढायचे आणि आवाज बंद. मी विमा कंपनीत टेबलावर आयुष्य काढलं, स्क्रू ड्रायव्हरने फार तर डब्यांची झाकणं उघडली, पण गिरणी रक्तात आहे हा माझा माज. शिलाई मशीनचं तेल काढलं आणि चाकांच्या मधल्या त्या चकचकीत तबकड्यांवर चार-चार थेंब सोडले. वर फडक्याने सगळीकडे सारखं पसरवलं, काम कसं मन लावून. ब्रेक त्या तबकडीलाच चिमटा काढून धरतो, हे डोक्यात आलंच नाही. बायको म्हणाली, "अरे, एकदा दुकानात विचार तरी." मी म्हणालो, "तो मला काय शिकवणार?" चाक फिरवून पाहिलं. आवाज गायब. झकास.

सकाळी हायवे ओलांडायचा म्हणून पार्कच्या गेटपर्यंत सायकली हातात धरूनच नेल्या. पुढे सगळा चढ, ब्रेकला हात लावायचं कारणच नाही. वर नेहमीसारखी झाडांची बारशी झाली आणि आम्ही उतरायला लागलो. ती पुढे.

पहिल्याच वळणावर मी ब्रेक दाबला आणि काही झालं नाही. पुन्हा दाबला. सायकल आपली मजेत चालली होती. त्या क्षणी मला माझी चिंता वाटली नाही, हे मी फुशारकीने सांगत नाही. डोक्यात एकच आलं, तिच्या सायकलला पण घातलंय. ओरडलो, "थांब गं, थांब." कशी थांबणार? पुढच्या वळणावर तिची सायकल रस्ता सोडून पाचोळ्यात शिरली आणि ती उडून पडली. मी बूट रस्त्याला घासत, कडेच्या कारवीच्या झुडपांत घुसून एकदाचा थांबलो आणि धावत गेलो.

तिचं कोपर सोललं होतं, पँट गुडघ्यावर फाटली होती. डोक्यापासून हातभर अंतरावर मैलाचा दगड होता. मी त्या दगडाकडे बघितलं, आणि पहिलं काय केलं असेल? ओरडलो तिच्यावर. "उतारावर एवढा स्पीड मारतात का? अक्कल आहे की नाही?"

ती कोपरावरची माती फुंकत राहिली. मग म्हणाली, "सॉरी बाबा. तुला लागलं का?"

तिथे माझी वाट लागली. मी खाली बसलो, बाटलीतलं पाणी तिच्या कोपरावर ओतलं आणि सांगून टाकलं, की ब्रेकवर तेल मीच घातलंय, दोन्ही सायकलींच्या.

"माहितीये," ती म्हणाली. "सकाळी वास आला ना. बघितलं तर डिस्कवरच होतं."

"मग बोलली का नाहीस? बसलीस कशाला त्याच्यावर?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल."

घरात, ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये मला सगळे शहाणा म्हणतात ते चिडून. खरोखर तसं मानणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते कोपर धरून रस्त्याच्या कडेला बसलं होतं.

"नव्हतं गं माहीत," मी म्हणालो. सोळा वर्षांत हे तिच्यासमोर पहिल्यांदाच बोललो.