काळ्या शिरेची चकती

दगड पाण्यात विरघळत नाही म्हणतात, पण चकतीमामांच्या हाताखाली तो विरघळायचा. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी काचपट्टीवर चिकटवलेली दगडाची चकती ते ओल्या भुकटीवर गोल गोल घासत बसत. दगड आधी करडा, मग धुरकट होई आणि अवचित त्यातून खिडकीतला उजेड आरपार येई. तिथं थांबायचं. हात जरा जास्त फिरला तर काचेवर काहीच उरत नसे. मामांचा सगळा जन्म त्या काठाच्या अलीकडे गेला होता.

हल्ली त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. ठाऊक होतं फक्त बायकोला. "कप धरलाय की खुळखुळा?" ती म्हणायची आणि तोंड फिरवून भांडी आवरत राहायची.

त्यात प्रयोगशाळेतली एक संशोधक मुलगी दगडाचा तुकडा घेऊन आली. करड्या दगडात पेन्सिलीच्या रेघेएवढी काळी शीर.

"मामा, एवढाच उरलाय. बाकीचा कडा ढासळला."

"काजळी लागलीय का याला?"

"भूकंप आहे तो! फार जुना, जमिनीच्या पोटातला. भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर इतक्या वेगात घासल्या की दगड वितळला. हळू सरकल्या असत्या तर नुसता भुगा झाला असता. वितळल्यावर तेच वंगण झालं, मग आणखी सुसाट सुटल्या. आणि गोठलं सगळं."

"किती वेळात?"

"तुम्ही शिंकाल तेवढ्यात."

मामा हसले. हाताचं मात्र बोलले नाहीत. एवढी एक चकती आपल्या हातून व्हावी, हा लोभ सुटेना.

ते घासायला बसले. नळाचं पाणी कुठेतरी दूर वाहू लागलं. बोटांखालचा अंधार पातळ होत गेला, आणि मामांना वाटलं आपण त्या भेगेतून खाली खाली उतरतोय, दोन्हीकडे डोंगर श्वास रोखून उभे आहेत. काळी शीर तपकिरी झाली. तेवढ्यात हात थरथरला. चकतीची एक कड पांढुरकी होऊन पाण्याबरोबर गेली.

मामांनी हात उचलला. शीर अजून दाट होती. इथंच सोडली तर त्यातलं काही दिसणार नाही. पुढं गेलं तर सगळीच जायची.

"पोरी," त्यांनी हाक मारली, "माझा हात आता माझं ऐकत नाही. उरलेलं तू घास."

"मी? वाट लागली तर?"

"ती मी लावायला घेतलीच आहे. बैस."

ती बसली. मामा डोळे मिटून आवाज ऐकत राहिले. "दाबू नकोस. दगडाला जाऊ दे त्याच्या मर्जीनं... हं. आता थांब."

सूक्ष्मदर्शकात आधी तिनं पाहिलं. मग मामा वाकले. मधाच्या रंगात दगडाचे कण तरंगत होते, कडा विरघळलेले, जणू आत्ताच बुडायला लागलेत. त्या रंगाला तिरकी कापत दुसरी शीर गेली होती.

"गोठून सांधलं होतं," ती म्हणाली, "आणि नंतर पुन्हा तिथंच फुटलं."

"गेलेली कड अभ्यासाला लागली असती का गं?"

"लागली असती," ती म्हणाली. "थोडी."

मामांनी मान हलवली. चित्र हलू नये म्हणून टेबलावरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले आणि पाहत राहिले.