पोळ्याआधीची झडती

रॅप करायचा असेल तर माणसानं पिंजाऱ्याच्या घरी जन्माला यावं, असं मी अजूनही म्हणतो. दारव्ह्याला आमचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. मागे गोदाम, आणि गोदामात छतापर्यंत रचलेल्या गाद्या. पुण्या-मुंबईची पोरं आवाज घुमू नये म्हणून भिंतींना महागडा फोम लावतात. माझ्याकडे अब्बांनी भरलेला कापूस होता. त्या गाद्यांच्या मधे बसलं की आपलाच श्वास ऐकू यायचा. एक जुना कॉम्प्युटर, एक माइक आणि एप्रिलपासून घामाची आंघोळ, एवढ्यावर माझा स्टुडिओ चालत होता.

आधी आम्ही चौघं मिळून रॅप करायचो. मग एक नोकरीला लागला, एकाचं लग्न झालं आणि तिसऱ्याशी माझं भांडण झालं. भांडणात चूक माझीच होती, पण तेव्हा ते कबूल करायची माझी तयारी नव्हती. त्याच तिरमिरीत मी ठरवलं, आता अल्बम एकट्याचा.

ते कापसाचे वाईट दिवस होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांसाठी गावोगाव टीव्हीच्या गाड्या फिरायच्या. बाहेर कुठे आमच्या जिल्ह्याचं नाव सांगितलं की समोरचा माणूस एकदम आवाज बारीक करायचा, जणू मी आजारी आहे. याचा मला फार राग यायचा. दुःख होतंच, ते कोण नाकारतो? पण आमच्याकडची माणसं हसतही होती, भांडतही होती, एकमेकांच्या नकलाही करत होती, ते कुणी विचारत नव्हतं. मला हे सगळं गाण्यात हवं होतं, आणि त्यासाठी रॅपमध्ये रॉक, ब्लूज आणि लोकगीत मिसळायचं मी ठरवलं.

यवतमाळला माझा एक मित्र शाळेत गणित शिकवायचा आणि घरी गिटार वाजवायचा. रॉक त्यानं आणलं. ब्लूज मात्र आमच्या भिंतीवरच टांगलेला होता. कापूस पिंजायची मशीन आल्यापासून अब्बांचं जुनं पिंजण तिथं नुसतं लटकत होतं: माणसाएवढं लाकडी धनुष्य आणि त्याला ताणून बांधलेली आतड्याची तात. तातेवर ठोकळा मारला की जाड, दुखरा असा एकच सूर निघायचा आणि बराच वेळ हलत राहायचा. गणितवाला तो ऐकून हरखलाच. ब्लूज म्हणजे अमेरिकेत कापूस वेचणाऱ्या काळ्या माणसांचं गाणं, असं मी अब्बांना समजावून सांगितलं. अब्बांनी गादीतून सुई वर ओढली आणि म्हणाले, "कपास का है ना? फिर तो अपनाच है."

आता राहिलं होतं लोकगीत. त्यासाठी माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस होता.

दारव्ह्यापासून तासाभरावरच्या एका खेड्यात अब्बांचे एक दोस्त राहत. मी त्यांना काका म्हणायचो. आपल्या शेतातला कापूस ते दरवर्षी दिवाळीला बैलगाडीवर घालून आणायचे आणि आमच्याकडून गाद्या भरून न्यायचे. अब्बा आणि मी दर पोळ्याला त्यांच्या घरी जेवायला जायचो. आणि पोळ्याला त्या गावात काका राजा असायचे, कारण झडती त्यांची असायची.

ज्यांनी वऱ्हाडातला पोळा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सजवलेले बैल गावाबाहेर तोरणाखाली रांगेत उभे राहतात. मग एकेक शेतकरी पुढे होतो आणि यमक जुळवलेल्या चार-सहा ओळी खणखणीत आवाजात म्हणतो. त्यात कुणाची तरी खेचलेली असते. सरपंचाची, सावकाराची, सरकारची, नाहीतर स्वतःचीच. शेवटी "हर बोला हर हर महादेव" अशी हाळी आली की सारा गाव एका आवाजात साथ देतो. ही झडती. आमच्या रॅपवाल्यांना वाटतं, एकमेकांवर शब्दांचे वार करायची कला आपण टीव्हीवरून शिकलो. काका ती चाळीस वर्षं बैलाचा कासरा हातात धरून करत होते.

झडतीची एक रीत आहे. ती दरवर्षी नवी लागते आणि तोरणाखाली उभं राहीपर्यंत कुणाला सांगायची नसते. काका तर बायकोलाही सांगत नसत. पेरणीपासून मनात एकेक ओळ घोळवायचे. म्हणून श्रावण लागल्यावर मी त्यांच्याकडे यंदाची झडती मागितली, तेव्हा त्यांनी उलट मलाच विचारलं.

"यंदाचीच काहून पायजे तुले? मांगच्या साली म्हटली ते घे."

"ती शिळी झाली ना काका."

हे त्यांना पटलं. शिळी झडती कुणाला द्यायची म्हणजे उष्टं ताट पुढे करणं, असा त्यांचा हिशेब. गोदामात येऊन ते माइकसमोर बसले खरे, पण तोंडातून शब्द निघेना. समोर बैल नाही, लोक नाहीत, साथ द्यायला कुणी नाही. दोनदा सुरुवात करून थांबले. "मेल्या घरात बसल्यावानी वाटून राह्यलं," म्हणाले. तेव्हा पलीकडे गादी टाचत बसलेल्या अब्बांनी तिथूनच गावातल्यासारखी हाळी दिली, "हर बोला!" काका दचकले, हसले आणि एका दमात म्हणून गेले:

"गाडी आली टीव्हीची, थांबली माह्या दारी,
म्हणे, बुढ्या, रडून दाखव, बातमी होईन भारी.
रडू काही येत नाही, हासू येते मले,
बैल माहा इचारते, हे आले तरी कायले?"

माझ्या सगळ्या रागाला जे जमलं नव्हतं ते या चार ओळींनी केलं होतं. जाताना काकांनी माझा हात धरला. "बाबू, पोया होईपावतर कोनाले आयकू देजो नोको." मी इमानानं सांगितलं, नाही देणार.

त्या गाण्यात खाली पिंजणाचा सूर, त्यावर काकांचा आवाज, मग माझा रॅप आणि शेवटी गणितवाल्याचं गिटार पिसाटल्यासारखं. आठ गाण्यांत तेच उजवं होतं. आणि उजवं होतं म्हणूनच घात झाला. बसस्थानकाजवळ माझ्या मित्राचं मोबाइलचं दुकान होतं. लोक त्याच्याकडे मेमरी कार्डात गाणी भरून न्यायचे. त्याचे स्पीकर मोठे, त्यावर खालचा सूर कसा वाजतो ते फक्त बघावं, म्हणून मी कार्ड त्याच्या हातात दिलं. खरं कारण वेगळंच होतं. कुणीतरी वाहवा करावी असं मला फार वाटत होतं. त्यानं वाहवा केली, चहा सांगितला, आणि मी चहा पीत असताना गाणं उतरवून घेतलं.

आठवड्याभरात ते मला यवतमाळला जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये ऐकू आलं. खोटं कशाला बोलू, आधी मला आनंदच झाला. मागच्या सीटवरची एक बाई "हे आले तरी कायले" म्हणून खुदकन हसली तेव्हा तर मी खिडकीकडे तोंड करून गालातल्या गालात हसलो. वचन आठवलं ते लाडखेड मागे पडल्यावर.

पोळ्याला अजून अकरा दिवस होते. त्याच दिवशी जाऊन सांगितलं असतं तर काकांनी दुसरी झडती बांधली असती. अकरा दिवस त्यांना पुष्कळ होते. पण मी गेलो नाही. त्यांच्याकडे साधा फोन, त्यात गाणी वाजत नाहीत. त्यांचं गाव आडवळणाला. तिथवर गाणं कसलं जातंय, असं मी स्वतःला रोज सांगायचो आणि रोज थोडं कमी पटायचं. भित्रेपणाला कारणं कधीच कमी पडत नाहीत.

पोळ्याच्या दिवशी अब्बांसोबत गेलो. उन्हं कलली होती, बैलांच्या शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळा. दोन-तीन जणांच्या झडत्या झाल्या आणि मग लोकच ओरडू लागले, काका, काका. ते पुढे आले. नवं धोतर, पांढराशुभ्र फेटा. घसा खाकरून त्यांनी पहिली ओळ म्हटली.

दुसरी ओळ पोरांनी म्हटली. सगळ्यांनी मिळून, जोरात, प्रेमानं. काका गोंधळून हसले. तिसरी त्यांनी घाईनं पकडायला बघितली, तर तीही लोकांची झाली होती. चौथी अख्ख्या गावानं म्हटली आणि टाळ्या पडल्या. लोकांना वाटत होतं आपण काकांचा मान करतोय. गावातलं म्हातारं माणूस मोबाइलमध्ये वाजतं याचं त्यांना केवढं कौतुक! पण काकांकडे आता सांगायला काहीच उरलं नव्हतं. त्यांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला, नुसती महादेवाची हाळी दिली आणि कासरा धरून मागे सरकले. मी वीस पावलांवर उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

रात्री त्यांनी आम्हाला नेहमीसारखं जेवू घातलं. पुरणपोळीवर तूप त्यांनी स्वतः वाढलं, मलाही वाढलं. परतताना जीपमध्ये अब्बा एवढंच बोलले, "उसका त्योहार खा गया तू."

त्या दिवाळीला काका कापूस घेऊन आले नाहीत. मला स्वतःचीच चीड आली, आणि चिडलो की मी काहीतरी तोडतो, हा माझा जुना रोग. मी ते गाणंच अल्बममधून काढून टाकलं. गणितवाला फोनवर ओरडला, जीव गेला अल्बमचा म्हणाला. मी म्हटलं, जाऊ दे. त्यातून मला बरंही वाटत होतं. आपण प्रायश्चित्त घेतलं, असं काहीसं. सात गाण्यांच्या शंभर सीड्या काढल्या. पहिली काकांना द्यायची ठरवली. त्यांना ऐकवून सांगायचं, बघा, तुमचं गाणं मी विकलं नाही, असं मनात घोकत गेलो.

माघ महिना असावा. दुपार होती. भाव वाढेल या आशेनं काकांच्या पुढच्या खोलीत कापूस छताला टेकला होता आणि घरची माणसं अंगणातच बसत होती. मला पाहून काका बाजेवरून उठले. माझी सारी तयारी वाया गेली, कारण रागाचा मागमूसही नव्हता. सीडी बघून त्यांनी काकूंना हाक मारली, सुनेला बोलावलं, शेजारच्या दोघांना बोलावलं. प्लेअर लावला. सगळे गोल करून बसले.

पहिल्या गाण्याला गिटार असं किंचाळलं की काकूंनी कानाला पदर लावला. काकांनी त्यांना डोळ्यांनी दटावलं. गाणं संपलं की ते हात वर करायचे, "थांबा, आता येईन." दुसरं झालं, तिसरं झालं. शेजारचा उठायला लागला तर त्याला गुडघा धरून खाली बसवलं. "मोठी झडती आखरीलेच असते बे." मला तेव्हा कळलं की ते कशाची वाट बघताहेत. सांगायला तोंड उघडलं, पण काकांनी ओठांवर बोट ठेवून मलाच गप्प केलं. पुढची चार गाणी मी खाली मान घालून ऐकली. माझी स्वतःची गाणी, आणि एक शब्द कानात शिरला नाही.

सातवं संपलं. सीडी थोडा वेळ नुसती फिरली आणि थांबली.

"माहं कोन्तं होतं?" काकांनी विचारलं.

"काढून टाकलं काका. माझ्यामुळे तुमचा पोळा गेला, म्हणून..."

शेजारचे दोघं उठून गेले. सून आत गेली. काका बंद पडलेल्या प्लेअरकडे बघत होते.

"पोया तं गेलाच होता बाबू," ते म्हणाले, "मले वाटलं, याच्यात तरी असन मी. दुसऱ्याले देल्लं तवा इचारलं नाही तं नाही. पन काढ्याच्या आंधी इचारलं काहून नाही?"