सक्वाच्या लेकीचा आवाज

रिस्पा आगोला चिडली की डुंगा गावच्या काठावरचे मारबू पक्षी उडून जातात, असं लोक सांगतात. साफ खोटं आहे. मारबू कुणाच्या बापाला भीत नाहीत, माशाची आतडी पदरात पडेपर्यंत ते ढिम्म हलत नाहीत. माणसं मात्र हलतात. पंचावन्न वर्षांची ही बाई सरोवराच्या काठी मासे तळते, आणि तिनं टपरीवरून हाक मारली की किसुमू शहराच्या रस्त्यावरून माणसं कोंबून जाणारा मटाटूवाला ब्रेक दाबतो.

या आवाजानं तिला नाव मिळवून दिलं, ते पाक्रुओकमध्ये. आमच्याकडे मांडव लग्नाचा असो की मयताचा, ढोल ऐन रंगात असताना कुणीतरी उठतो आणि ढोलावर नोट ठेवतो. ढोल थांबलाच पाहिजे. मग तो माणूस स्वतःची, नाहीतर आपल्या दोस्ताची, तोंड दुखेपर्यंत स्तुती करतो. नियम दोनच. नोट ठेवली की बोलणं संपेपर्यंत कुणी मधे तोंड घालायचं नाही, मग तो आमदार का असेना. आणि ज्याची स्तुती झाली त्यानं उठायचं, नाचायचं, खिशात हात घालायचा. जो बसून राहिला तो संपला. ‘बसून राहिलेला’ ही आमच्यात शिवी आहे, बापाचा उद्धार परवडला.

सक्वा गावची रिस्पा यात सगळ्यांच्या वरताण. कुणाचं गाव कुठलं, आजोबांचा बैल कुठला, सगळं तोंडपाठ. तिनं नाव घेतलं की चिक्कूतला चिक्कू माणूसही सैल सुटायचा.

हे तिच्या बहिणीच्या मुलानं बरोबर हेरलं. विक्लिफ त्याचं नाव. नैरोबीत शिकला, टोकदार बूट घालून परत आला.

“मावशी, फुटबॉलच्या सामन्यांसाठी तुझा आवाज पाहिजे,” तो म्हणाला. “आपल्या गावांची नावं घ्यायची, पोरांना चेव आणायचा. बस.”

भाच्यानं मागितलं आणि मावशीनं नाही म्हटलं, असं कुठं होतं का? आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेल्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत दोन दिवस घसा कोरडा करून ती बोलली. अलेगोच्या पुत्रा! उयोमाच्या पुत्रा! असेंबोच्या, उगेन्याच्या, कानोच्या पुत्रा! आणि मग पोरांची दोनेकशे नावं, एकेक. उठ, बैल एकदा पडला म्हणून रान सोडत नाही! उठ, ही वेळ तुझी आहे, आईनं सांगितलं म्हणून उठ!

पैशांची गोष्ट निघाली तेव्हा विक्लिफनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. “रोख कशाला घेतेस? माझी कंपनी नवी आहे, तिचे भाग घे. मालकीण हो. आणि तुमच्या बायकांच्या बचत गटालाही आण, आत्ता पैसे घालतील त्या पुढं मजेत बसून खातील.”

“कंपनी करते काय रे?”

“फोनवरचे खेळ.”

खेळ म्हणजे खेळ. पुढं तिनं विचारलं नाही. गटातल्या अकरा बायकांनीही एकच गोष्ट विचारली, “रिस्पा, तू घालतेयस ना?” ती हो म्हणाली, आणि वर्षानुवर्षं दर आठवड्याला लेसोच्या, म्हणजे कमरेच्या फडक्याच्या, गाठी सोडून साठवलेलं त्यांनी तिच्या शब्दावर काढून दिलं. सहा महिन्यांनी नफ्याचा पहिला वाटा आला. बायकांनी मांडव आणि शंभर खुर्च्या घेतल्या, मयतांना भाड्यानं द्यायला. रिस्पानं भर बैठकीत विक्लिफची अशी काही स्तुती केली की त्यालाच लाजायला झालं. निदान तसं दिसलं तरी.

मग तो मंगळवार आला. दुपारची गिऱ्हाइकं येऊन बसली होती, कढईत मासा होता, आणि पाठीमागून रिस्पाला कुणीतरी हाक मारल्यासारखं झालं. तिच्याच आवाजात. ती गर्रकन वळली. बाकड्यावर ओडोयो बसला होता, तिच्या गटातल्या मैत्रिणीचा, अपोंदीचा थोरला मुलगा. चांगला पंचविशीतला, मोटारसायकलवरून भाडी मारणारा. हातातला फोन त्यानं असा धरला होता की मध्ये कुणी आलं असतं तर ढकलूनच दिलं असतं.

पडद्यावर एक चिमुकला ओयुंदी पक्षी उडत होता. तो जितका वर जाईल तितका खालचा आकडा फुगत होता. पैसे लावायचे आणि पक्षी पडायच्या आत काढून घ्यायचे, एवढाच खेळ. पक्षी पडला. आणि रिस्पाच्या आवाजात फोन गरजला, “ओडोयो! उयोमाच्या पुत्रा! बैल एकदा पडला म्हणून रान सोडत नाही! उठ!”

ओडोयोचा अंगठा लगेच खाली गेला. पक्षी पुन्हा उडाला.

“हे काय आहे?” रिस्पानं विचारलं.

“ओयुंदी, काकू. तुमचाच आहे की.” तो हसला. “सुरुवातीला नाव आणि वडिलांचं गाव भरायचं. मग तुम्ही हाक मारता.”

“तुझी गाडी कुठाय?”

त्यानं नजर फोनवरच ठेवली.

“ओडोयो, गाडी कुठाय?”

“विकली.”

“का?”

“तुम्ही उठ म्हणालात.”

हातातला झारा तिनं त्याच्या पाठीत घातला. तेलाचा झारा, गरम. तो ओरडला, गिऱ्हाइकं उभी राहिली. “मी म्हणाले? मेल्या, मी म्हणाले? त्या डबड्यात मी आहे का?”

“नाव घेतलंत, काकू! बापाच्या गावाचं नाव घेतलंत! बसून कसा राहू?”

“फोनमध्ये कोण बघतंय तुला, गाढवा?”

“तुम्ही,” ओडोयो म्हणाला.

 कढईतला मासा करपला, आणि त्याचे पैसे मागायची कुणाची छाती झाली नाही.

झारा तसाच हातात घेऊन ती शहरात विक्लिफच्या कार्यालयात गेली. दारावरच्या माणसानं झाऱ्याकडे पाहिलं आणि वाट सोडली.

“फुटबॉल काय रे, नालायका?”

“मावशी, बस ना.”

“बसत नाही. माझा आवाज काढ त्यातून.”

विक्लिफला शरम वाटली असेल असं वाटतं ना? छे! त्याचे डोळे चमकत होते. “तुला माहितीये का तू काय केलंयस? बाहेरच्या कंपन्या जाहिरातींवर पैसा ओततात, अर्धनागड्या पोरी नाचवतात, नटांना आणतात. तरी हरलेला माणूस फोन खाली ठेवतोच. आपला माणूस नाही ठेवत. नाव घेतल्यावर त्याला बसून राहता येत नाही, हे आपल्या कंपनीत पैसा घातलेल्या गोऱ्या साहेबांना कसं कळणार? मी सांगितलं त्यांना. मी!”

स्वतःच्या आईच्या दुधात काय असतं, ते यानं परक्यांना विकलं होतं, आणि वर शाबासकी मागत होता.

“आवाज काढ,” रिस्पा म्हणाली.

“आवाज कंपनीचा आहे. तू सही केलीयस.”

“आणि कंपनी कुणाची?”

“तुझीही. म्हणून तर म्हणतो, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस. तुमचा अख्खा गट पैसे काढून घेतो म्हणाला, तर वरचे लोक विचार करतील. तुझ्या एकटीच्या बोलण्यानं माशीसुद्धा उठणार नाही.”

म्हणून रविवारी प्रार्थना संपल्यावर तिनं गट बोलावला. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. “मी मूर्ख, मी तुम्हाला यात ओढलं. आता एकदाच माझं ऐका, पैसे काढू या.”

बायकांनी चपलांकडे पाहिलं. एक म्हणाली, “आपण सोडलं तर पोरं खेळायची थांबणारेत का?” दुसरी म्हणाली, “दुसऱ्या कंपनीकडे जातील, मग आपल्याला तेही नाही आणि हेही नाही.” तिसरीनं देवाचं नाव घेतलं. देवाला मध्ये आणणाऱ्या बाईशी वाद घालता येत नाही.

रिस्पाची सगळी आशा अपोंदीवर होती. तिचंच घर तर बुडालं होतं.

“अपोंदी, तू बोल.”

“काय बोलू?” अपोंदी म्हणाली. “गाडी गेली. ओडोयो दिवसभर अंथरुणात असतो. घरात येतं ते या वाट्याचंच. तेही सोडू?”

“अगं, ते तुझ्याच पोराचे पैसे आहेत!”

“मग माझ्याच घरी येऊ देत,” अपोंदी ताडकन म्हणाली. “थोडे का होईना. तुझं काय जातंय? तुझं पोरगं कुठं खेळतंय? तुझं फक्त नाव जातंय.”

हात वर झाले. अकरा विरुद्ध एक. रिस्पा घरी गेली आणि अंगणातली बादली लाथेनं उडवली. कुणावर ओरडायचं? विक्लिफवर ओरडून झालं होतं. या बायकांवर? यांना हात धरून तिनंच नेलं होतं. त्या आठवड्यात तिनं शेजारणीला शिव्या दिल्या, पाद्र्याला दिल्या, सरोवरालाही दिल्या.

पुढच्या शनिवारी दुपारी कंपनीचा सोहळा होता, शाळेच्या मैदानात. बक्षिसं, फुकट टोप्या, ढोलवाल्या ओपांडेचे नाचाचे ओहांगला ढोल. मांडव भाड्यानं आणलेला, गटाचाच. मागे भल्यामोठ्या कापडावर रिस्पाचा हसरा चेहरा. करारात होतं म्हणून तिनं यायचंच होतं. ती आली. चांगला झगा घालून, डोक्याला फडकं बांधून, सरळ ढोलापाशी गेली आणि नोट ठेवली.

ढोल थांबले. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

“मी रिस्पा!” ती गरजली. “सक्वाची लेक! पोरांच्या मोटारसायकली खाणारी!”

लोक खो खो हसले. पाक्रुओकमध्ये माणूस काय वाट्टेल ते बोलतो.

“बैलाच्या त्या हाकेवरून तुम्ही मला बैलाची आई म्हणता. बैल कसला? मी गोचीड! शेजारणीच्या पोराचं रक्त पिऊन फुगलेली! ओयुंदी पडतो तेव्हा माझ्या ताटात मासा पडतो. तुमची फी, तुमचं भाडं, तुमच्या लेकरांचं दूध, मी खाल्लं! मला फसवलं म्हणाल? दोन दिवस फसवलं. त्यानंतरचा पहिला वाटा मी काही न विचारता हसत घेतला!”

हसणं विरलं. विक्लिफनं ओपांडेला खूण केली, वाजव, वाजव. ओपांडेनं काठ्या काखेत धरल्या. “नोट ठेवलीय त्यांनी, साहेब.”

ती मनातलं सगळं ओकली तेव्हाच थांबली. पण विक्लिफही त्याच मातीतला. त्यानं पुढं होऊन ढोलावर नोटांची गड्डीच ठेवली आणि हसत हात पसरले.

“ही माझी मावशी! सक्वाची लेक! हिच्या तोंडाला सरोवर घाबरतं! अशी खरं बोलणारी मालकीण दुसऱ्या कुठल्या कंपनीत आहे? उठ मावशी, नाच, ही वेळ तुझी आहे!”

सगळं मैदान तिच्याकडे पाहू लागलं. नाचायला तिचं एक पाऊल उचललं गेलं, आम्ही पाहिलं. पंचावन्न वर्षांत हाकेला ती उठली नाही असं झालं नव्हतं. ती खाली बसली. मैदानाच्या मधोमध, चांगल्या झग्यानिशी, धुळीत.

“बसली!” कुणीतरी पुटपुटलं. एक म्हातारा थुंकला.

विक्लिफचं हसणं आटलं. त्यानं आवाज चढवला. “उठ! आगोलाची बायको! आगोला, ज्यानं वादळात तीन माणसं सरोवरातून काढली! त्याच्या नावानं उठ!”

मेलेल्या नवऱ्याचं नाव. रिस्पाच्या डोळ्यांतून रागानं पाणी आलं, नाक गळायला लागलं, तिनं पुसलंही नाही.

“बघा रे पोरांनो,” ती म्हणाली. पहिल्यांदाच एवढ्या हळू बोलली की ऐकायला लोक पुढं सरकले. “नाव घेतलं. गावाचं घेतलं, धन्याचं घेतलं. तरी बसता येतं. मरत नाही माणूस.”

कुणी हललं नाही. बायकांच्या खुर्च्यांतून अपोंदी तेवढी उठली. चालत मधोमध आली, झगा गुडघ्यांत गोळा केला आणि कण्हत रिस्पाच्या शेजारी टेकली.

“सरक,” ती म्हणाली. “आणि तोंड बंद ठेव. मी अजून तुझ्याशी बोलत नाहीये.”